चहा पिणाऱ्या सशांचा फ्रॉक

या सगळ्या उद्योगातून तोतारामराव बोरसे यांच्या पदरात पडायचा होता तो एक शब्द. दोनच अक्षरं. बाबा. जमेला एवढंच, आणि खर्चाला साबणाची वडी, दोन बादल्या पाणी आणि रविवारपर्यंतची सवड. पाटबंधारे खात्यात हेडक्लार्की करून केस पिकवलेल्या माणसाला हा व्यवहार फायद्याचा वाटला, यात त्यांचं चुकलं असं म्हणता येत नाही. कागदावर सगळीच धरणं भरतात.

हा शब्द त्यांच्या घरातून गेला तो उन्हाळ्यात, दोंडाईच्याला, बायकोच्या मामेभावाच्या लग्नात. त्यांची एकुलती एक मृणाली पुण्याच्या कंपनीत नोकरीला. ती लग्नाला आपला जपानी फ्रॉक घालून आली. गडद जांभळा, गुडघ्यापर्यंत फुललेला, कडेकडेने पांढरीशुभ्र लेस, आणि घेरावर छापलेले ससे. प्रत्येक ससा खुर्चीत बसून कपबशीतून चहा पीत होता. आतून कडक जाळीचा परकर, डोक्याला ताटाएवढा बो. या तऱ्हेला लोलिता फॅशन म्हणतात, पुण्यात अशा हौशी पोरी आहेत, त्या अधूनमधून नटूनथटून चहाला जमतात आणि कुणाच्या अध्यातमध्यात नसतात, एवढं मृणालीने बापाला आधीच समजावलं होतं. बापाला समजलंही होतं. पण मांडवात बँडमास्तर अदबीने जवळ आला आणि म्हणाला, "साहेब, ताई आमच्याच पार्टीत गाणार का? माइक कोणता देऊ?"

आणि तोतारामराव हसले.

नुसते हसले, बोलले काहीच नाहीत, हा बचाव त्यांनी पुढे बायकोसमोर अनेकदा मांडला. पण मृणाली पाठीमागेच उभी होती. तिच्या हातातल्या ताटातलं वरण लेसवर सांडलं ते तिथेच. तिने कपडे बदलले, फ्रॉक आईच्या पिशवीत कोंबला आणि मिळेल त्या गाडीने ती पुण्याला गेली. त्यानंतर आईशी ती तासन्‌तास बोले. तोतारामरावांनी फोन हातात घेतला की पलीकडून "आवाज तुटतोय" असं ऐकू येई. तोतारामरावांच्या फोनवर तेव्हा रेंजच्या सगळ्या काड्या उभ्या असत.

आता श्रावण लागला होता. नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशात कानबाई बसते. नारळाला डोळे, नथ, मळवट करून, साडीचोळी चढवून चौरंगावर मांडतात. नोकरीधंद्याला कुठेकुठे पांगलेली भाऊबंदकी त्या दिवशी एका घरी जमते, सगळ्यांच्या नावाच्या गव्हाचे रोट खाते, आणि सोमवारी आईला वाजतगाजत पांझरा नदीवर पोचवते. बोरशांची कानबाई जुन्या धुळ्यात, तोतारामरावांचे थोरले चुलतभाऊ चुडामण आबा यांच्या घरी बसे. मृणालीही येणार होती. तिचा निरोप आईच्या फोनवर आला: रविवारी दुपारी पोचते, सोमवारी फ्रॉक घेऊन निघते, पुढच्या शनिवारी आमचा चहा आहे. फ्रॉकला कोणीही हात लावू नका. धुवू नका, इस्त्री नको, उन्हात नको. डागाचं मी बघते.

नूतनबाईंनी निरोप मोठ्याने वाचला. 'कोणीही' हा शब्द त्यांनी चष्म्यावरून नवऱ्याकडे बघत वाचला.

"ऐकलंत ना?"

"ऐकलं. कोणीही म्हणजे परकं कोणी. धोबी वगैरे."

"कोणीही म्हणजे तुम्ही."

एवढं बोलून नूतनबाई आबांकडे रोटाचे गहू निवडायला गेल्या. त्या गेल्या नसत्या तर ही गोष्ट इथेच संपली असती आणि सगळे सुखी झाले असते. पण बोरशांच्या घरी गहू निवडायला न जाणारी सून अजून जन्मायची आहे.

घरात एकटे उरल्यावर तोतारामरावांनी कपाट उघडलं. त्यांनी डोळ्यांसमोर चित्र पाहिलं: मृणाली दारात, फ्रॉक हँगरवर, स्वच्छ, कडक, डाग गायब, ती विचारते, हे कोणी केलं, आणि आई म्हणते, तुझ्या बाबांनी. मग तो शब्द. क्षमा मागण्याचा हा मार्ग त्यांना विशेष पसंत पडला, कारण त्यात क्षमा मागावी लागत नव्हती.

सुरुवात त्यांनी रीतसर केली. फ्रॉक देवपुरातल्या मोठ्या ड्रायक्लीनच्या दुकानात नेला. काउंटरवरच्या मुलीने तो उलगडला, पुन्हा घडी केला आणि कॉम्प्युटरकडे बघत विचारलं, "काका, प्रकार काय टाकू?"

"फ्रॉक."

"फ्रॉकमध्ये वय विचारतंय. बेबीचं वय?"

"सव्वीस."

मुलीने वर पाहिलं. "काका, बारापर्यंतच घेतंय."

"मग घागरा टाका."

"घागरा लग्नाचा असतो. त्यात ओढणी कंपल्सरी आहे. ओढणी कुठंय?"

"ओढणी नाही. बो आहे."

बो कॉम्प्युटरमध्ये नव्हता. तोतारामरावांनी 'इतर' असा रकाना असेलच असं सुचवलं. सरकारी नोकरीत त्यांचं अर्धं आयुष्य 'इतर'मध्ये गेलं होतं. 'इतर' होता. पण त्यात पडदे, सोफाकव्हर आणि गणपतीची मखरं येत. शेवटी फ्रॉक 'पडदा, झालरीसह' म्हणून लागला. तोतारामरावांनी एवढा अपमानही गिळला. मग कळलं की मशीन इथे नाही, माल जळगावला जातो, गाडी मंगळवारी निघते, आणि जाण्याआधी 'रंग, लेस, ससे यांस इजा झाल्यास दुकान जबाबदार नाही' यावर सही लागते. ससे तिने हाताने लिहिले.

मंगळवार म्हणजे विसर्जन होऊन गेलेलं. तोतारामरावांनी जळगावला साडू समाधान यांना फोन लावला. साडूंना कपड्यातलं काही कळत नव्हतं, पण जळगावचा माणूस सल्ला मागितल्यावर नाही म्हणत नाही. "वरणाचा डाग ना? हळद आहे. हळदीला ऊन. बाकी कशानं जात नाही. इकडे पाठवून द्या, आमच्याकडे श्रावणातसुद्धा ऊन पडतं!" उन्हाबद्दल जळगावकराला जो अभिमान असतो तो इतरांना आपल्या मुलांबद्दलही नसतो. धुळ्यात मात्र आभाळ आठवडाभर गोधडीसारखं अंथरलेलं होतं.

तेव्हा घरीच धुणं आलं. फ्रॉकच्या आत, शिवणीपाशी, एक चिंधीएवढी पट्टी होती आणि तिच्यावर जपानीत काहीतरी आणि खाली चित्रं. ती वाचायला तोतारामरावांनी शेजारच्या झुलाल महाल्यांना हाक मारली. महाले आरोग्य खात्यातून निवृत्त झालेले, आणि चित्रांवरून माहिती देणं हाच त्यांचा जन्मभराचा व्यवसाय. गावोगाव भिंती रंगवून घेतल्या होत्या त्यांनी.

महाल्यांनी पट्टी उजेडात धरली. "हं. हे घमेलं. त्यात पाणी. आणि त्याच्यावर फुली."

"म्हणजे?"

"सरळ आहे. घमेल्यात धुवायचा नाही. बादलीत धुवायचा."

"आणि हा त्रिकोण?"

महाल्यांचा चेहरा उजळला. "त्रिकोण म्हणजे कुटुंब नियोजन. पण तो उलटा असतो, नि लाल. हा सुलटा आहे आणि वर फुली." त्यांनी पट्टी आणखी जवळ धरली. "जपानात लोकसंख्या घटतेय ना. त्यांचं धोरण बदललं असणार."

"महालेभाऊ, फ्रॉकवर?"

"प्रचार कुठेही करावा लागतो, तोताराम. आम्ही बैलांच्या शिंगांवर केलाय." मग त्यांनी इस्त्रीचं चित्र पाहिलं. इस्त्रीच्या पोटात एक टिंब होतं. "एकच इस्त्री करा म्हणतो. दुसऱ्यांदा नको."

इतका उलगडा झाल्यावर मागे हटणं शक्य नव्हतं. घमेलं दूर ठेवलं, बादली घेतली. आता पाणी. धुळ्यात नळाला पाणी येतं ते पाहुण्यासारखं, कधीतरी, आणि आलं की घरातली सगळी भांडी त्याच्या सरबराईला लागतात. बोअरचं पाणी इतकं जड की त्यात साबण फेस धरत नाही, रुसून बसतो. तेव्हा तोतारामरावांनी नूतनबाईंनी पिण्यासाठी भरलेल्या टाकीला हात घातला. हा गुन्हा त्यांच्या नावावर वेगळा नोंदला गेला आणि त्याची सुनावणी अजून चालू आहे.

डागावर साबण चोळला. डाग पिवळा होता तो लाल झाला. आणखी चोळला, आणखी लाल झाला. तोतारामराव घाबरून अंगणात आले, तर समोरच्या लिलाबाई अक्का कठड्याला टेकून हे सगळं बघतच होत्या. अक्कांचं वय झालेलं आणि दुसऱ्याचं बिघडताना बघण्याइतका निवांतपणा आलेला.

"हळदले साबन लावा का?" अक्का म्हणाल्या. "अरे देवा! हळदले साबन लावतस का कोनी? ती तं लालभडक व्हई जास!"

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही इचारं का माले? महाले भाऊले इचारं. आते महाले भाऊलेच इचारा."

पण अक्कांचं मन मोठं. रिठे घेऊन त्या स्वतः आल्या. रिठ्याच्या पाण्यात शालूसुद्धा निघतात, हे खरं. पण शालू रात्रभर भिजत ठेवतात की घटकाभर, यावर अक्का आणि महाले यांच्यात जो वाद झाला तो मिटेपर्यंत फ्रॉक बादलीतच होता. शेवटी महाले घरी गेल्यावर बाहेर काढला तेव्हा बादलीतलं पाणी जांभळं झालं होतं, फ्रॉक वांग्याच्या सालीसारखा फिकटला होता, आणि ती पांढरीशुभ्र लेस, मृणाली जिला बोट लावण्याआधी हात धूत असे ती लेस, एकसारखी गुलाबी झाली होती. सगळीकडून. बोटभरही जागा सुटली नव्हती.

अक्कांनी लेस बोटांत धरून पाहिली आणि निर्वाळा दिला. "डाग कोठे शे आते? दखाव माले. बठ्ठंच गुलाबी व्हयनं."

हा युक्तिवाद तोतारामरावांना त्या क्षणी इतका बिनतोड वाटला की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. डाग गेला होता. डागाला वेगळं राहायला जागाच उरली नव्हती.

श्रावणात कपडे वाळत नाहीत, आंबतात. शनिवारभर फ्रॉक बैठकीतल्या पंख्याखाली दोरीवर लोंबत राहिला आणि त्याच्याखाली तोतारामराव पेपर वाचत बसले. मान वर केली की डोक्यावर चहा पिणारे ससे ओले होऊन ठिबकत. नूतनबाई रात्री आबांकडेच राहिल्या होत्या हीच त्यातल्या त्यात देवाची कृपा. रविवारी सकाळी हात लावला तर कपडा दमट, चुरगळलेला, चेंगरून टाकल्यासारखा. आणि दुपारी मुलगी येणार.

आता एकच आधार होता: पुना परीट. पुनाचं दुकान जुन्या धुळ्यात, चुडामण आबांच्या घरासमोरच. त्याची ख्याती होती ती खळीसाठी. पुनाने खळ दिलेला सदरा खुंटीवर टांगावा लागत नाही, भिंतीला टेकवून ठेवतात, असं लोक म्हणत. भाषणाला जाणारे सगळे पुढारी पुनाकडूनच कपडे नेत, कारण भाषण पडलं तरी सदरा उभा राही.

पुनाने फ्रॉक दोन्ही हातांनी वर धरला, वळवून पाहिला. हा काय आहे असं त्याने विचारलं नाही. कोणताही कपडा बघून 'हा काय आहे' असं विचारणं त्याच्या इभ्रतीला शोभलं नसतं.

"इस्त्री फक्त एकदाच," तोतारामराव म्हणाले. "महाल्यांनी वाचलंय."

"भाऊ, तुम्ही जा, च्या पी या. मी दखी लेस. अशी खळ दीसू, जागावर उभा ऱ्हाई."

"खळ नको हो, नुसती..."

"खळ नही तं इस्त्री कशानी?" पुनाने इतक्या करुणेने विचारलं की तोतारामराव चहाला गेले.

चहाच्या टपरीवर त्यांना जळकट वास आला. कुठेतरी प्लॅस्टिक पेटलंय, असं ते टपरीवाल्याशी बोललेही. प्लॅस्टिक नव्हतं. तो जाळीचा परकर होता. पुनाची कोळशाची इस्त्री एकदाच टेकली, महाल्यांनी वाचलं होतं तशी, आणि परकर तिच्याखाली तव्यावरच्या नागलीच्या पापडासारखा गोळा होऊन बसला. पुनाने तो चिमट्याने उचलून कोपऱ्यात ठेवला होता. "त्यामझार काय दम नव्हता, भाऊ," तो म्हणाला. "पन हाई दखा."

फ्रॉक दुकानाच्या फळीवर उभा होता. कुणी धरलेला नाही, कशाला टांगलेला नाही. आपला आपण उभा. घेर चहूबाजूंनी पसरलेला, बाह्या फुगलेल्या, लेसेची एकेक पाकळी ताठ, आणि मान जिथे असायची तिथे नुसतं भोक. जणू मृणालीच तिथे उभी होती आणि फक्त तोंड दाखवत नव्हती. तोतारामरावांना क्षणभर तिच्याशी बोलावंसं वाटलं.

घडी घालायला गेलं तर करकर वाजे. मोडून पडेल अशी भीती. स्कूटरवर नेणं तर अशक्य. तेव्हा फ्रॉक समोर आबांच्या ओट्यावर नेऊन ठेवावा आणि रिक्षा बघावी, असं त्यांनी ठरवलं. तो उभाच्या उभा, दोन हातांवर, देव्हारा हलवावा तसा उचलून तोतारामराव रस्ता ओलांडून आले, आणि ओट्यावर पाय ठेवतात तो आतून ताईबाई वहिनी, आबांच्या पत्नी, पदर खोचलेल्या, हळदीच्या हातांनी बाहेर आल्या.

घरात कानबाईची मांडणी चालली होती. चौरंग तयार होता, नारळाला नथ चढली होती, पण साडी काही केल्या नीट बसेना, नारळावरून घसरे. बायका हैराण झाल्या होत्या. त्या क्षणी दारात तोताराम, हातांवर जांभळा, झालरीचा, आपोआप उभा राहणारा घागरा घेऊन.

"ये माय!" ताईबाई ओरडल्या. "ये वो, दखा वो, आईले घागरा लयनात तोताराम भाऊ! परदेशी घागरा!"

बायका धावल्या. तोतारामराव "अहो वहिनी, हा..." एवढं म्हणेपर्यंत फ्रॉक हातांतून गेला. चौरंगावर ठेवला. तो उभा राहिला. गळ्याच्या भोकात कलश बसला, कलशावर नारळ बसला, असा बसला की जपानातल्या शिंप्याने माप धुळ्याहून मागवलं होतं असं वाटावं. ससे कशाचे, असा प्रश्न एका पोराने विचारला. ताईबाईंनी सांगितलं, चांदोबाचा ससा असतो ना, तोच, आईच्या पाया पडायला आला. कपबशीचं काय, हे त्याने विचारलं नाही, आणि देवाच्या दारी सगळंच विचारू नये हे बरं.

चुडामण आबा आतल्या खोलीतून आले. बोरशांच्या भाऊबंदकीत आबांचा शब्द शेवटचा. जमिनीच्या वाटणीपासून ते कोणाला पहिली आरती द्यायची इथपर्यंत. आजवर त्यांनी तोतारामला आरतीत कधी पुढे बोलावलं नव्हतं. शहरातला, सरकारी, पोराबाळांत एकच पोर, तिच्याबद्दलही लोक काहीबाही बोलतात, असा त्यांचा शेरा होता. आबांनी कानबाईकडे पाहिलं. हात जोडले. मग तोतारामरावांच्या खांद्यावर हात ठेवला.

"आपली भाऊबंदकीमा एवढं कोन्ही करं नही, तोता."

आता इथे बोलायचं होतं. आबा, चूक झाली, हा मृणालीचा आहे. सहा शब्द. पण तोतारामराव साठीला आले होते आणि आबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला होता. सगळे जण बघत होते. ते हसले. नुसते हसले.

कोपऱ्यात पुरण वाटत बसलेल्या नूतनबाईंनी फ्रॉक ओळखला होता. त्या उठून आल्या आणि ओठ न हलवता म्हणाल्या, "काय केलंत हे?"

"सांगून टाकू?"

"आता? आईच्या अंगावरून उतरवणार? वापरलेला कपडा चढवला म्हणून कळलं तर आबा आपल्याला या उंबऱ्यात तरी उभं करतील का?" त्या पुन्हा वाटायला बसल्या. "पोर यायची वेळ झालीय. तिला काय सांगायचं ते तुम्ही सांगा."

मृणाली आली ती थेट आबांच्या घरी, पाठीवर सॅक, साध्या कुडत्यात. उंबऱ्यावर तिने चपला काढल्या, आत पाऊल टाकलं, आणि थांबली.

तिने आधी ससे पाहिले. मग लेस. मग नारळ. तिच्या चेहऱ्यावर काय आलं हे तोतारामरावांना कळलं नाही, कारण ते त्या वेळी समईची वात सारखी करत होते. सारखी असलेली वात ते बराच वेळ सारखी करत होते. मृणाली पुढे गेली, वाकली, कानबाईपुढे डोकं टेकलं, आणि उठताना दोन बोटांनी लेसेचं टोक धरून सोडलं. ते कट्‌ असं वाजलं.

"दख, तुना बापनी लयना शे!" ताईबाई कौतुकाने म्हणाल्या.

"हो?" मृणाली म्हणाली. आईकडे जाऊन बसली. पुरण वाटायला घेतलं.

संध्याकाळी आरतीला सगळी मंडळी दाटली. आबांनी तोतारामला हाक मारली, ताट त्याच्या हातात दिलं. पहिली आरती. तोतारामरावांनी ताट धरलं आणि मान खाली घातली, तो भक्तिभाव आहे असं सगळ्यांना वाटलं. आणि नेमके तेव्हाच दर्शनाला महाले आले, पाठोपाठ लिलाबाई अक्का. महाल्यांनी चप्पल काढली, हात जोडले, डोळे मिटले, उघडले, आणि जुना मित्र भेटावा तसे आनंदाने ओरडले:

"अरे तोताराम! हा तर आपल्या मृणालीचा फ्रॉक! मी लेबल वाचलं ना याचं!"

टाळ थांबले. कापूर तेवढा जळत राहिला.

"मृणालीना?" ताईबाईंचा आवाज बदलला. "घालेल शे का हाई? आंगवर घालेल कपडा? आईले?"

आबांनी तोतारामकडे पाहिलं. अक्कांनी महाल्यांच्या कमरेत कोपर मारलं, पण उशीर झाला होता. तोतारामरावांनी ताट उगाच जरा वर उचललं. ज्याला खात्यात तीस-पस्तीस वर्षं 'माहिती संकलित करून सादर करतो' असं लिहिता आलं त्याला एक होय किंवा नाही म्हणता येईना. ताटातली ज्योत वाकडी झाली. आणखी थोडा वेळ कुणी काही बोललं नसतं, तर ताट आबांनीच त्यांच्या हातातून घेतलं असतं, आणि ते पुन्हा कधी दिलं नसतं.

"मोठी आई," मृणालीचा आवाज आला. ती पुरणाचे हात पुसत उभी राहिली होती. "माझा वेगळा आहे. माझा एकदम गडद जांभळा, आणि लेस पांढरी. हा बघा ना, फिका आहे. आणि लेस गुलाबी. महालेकाका, तुम्ही वाचलं तेव्हा लेस कशी होती?"

महाले गोंधळले. "पांढरी. पांढरीशुभ्र होती."

"मग?"

"हो, हो. ही गुलाबी आहे," महाले म्हणाले, आणि आपण काहीतरी शोधून काढलं असं त्यांना वाटलं. "हा वेगळाच."

"आणि माझा असा उभा राहत नाही," मृणाली म्हणाली. "हा कोरा आहे. बाबांनी कानबाईसाठीच मागवला. मला फक्त दुकान विचारलं होतं त्यांनी."

ताईबाईंनी दोन्ही गालांना हात लावले, माफी मागितली, आधी आईची आणि मग तोतारामरावांची. आबा म्हणाले, "चला, आरती म्हना." टाळ सुरू झाले. महाले सगळ्यांत मोठ्याने म्हणत होते.

आरती झाल्यावर मृणाली रीतीप्रमाणे थोरांच्या पाया पडली. आबा, ताईबाई, मग रांगेत पुढचे, मग तोतारामराव, मग महाले. तोतारामरावांच्या पायांना तिची बोटं लागली तेवढीच, जेवढी महाल्यांच्या पायांना लागली. त्यांनी वाकून हळूच म्हटलं, "मृणाली, मी ते तुझ्यासाठीच..." पण ती पुढे सरकली होती, मागे रांग होती.

सोमवारी विसर्जनाआधी ताईबाईंनी फ्रॉक उतरवला. दुसऱ्या कुणी उतरवला असता तर कदाचित कुणाला तरी द्यायचं सुचलं असतं. ताईबाईंनी तो उभाच्या उभा, डांबराच्या गोळ्या घालून, देवीच्या पेटीत ठेवला आणि पेटीला कुलूप लावलं. आता दरवर्षी आई हाच नेसणार, असं आबांनी जाहीर केलं, आणि दरवर्षी पहिली आरती तोतारामची. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तोतारामरावांनी हात जोडले; दुसरं काय करणार होते?

त्याच दुपारी बसस्टँडवर पुण्याच्या गाडीत मृणाली खिडकीशी बसली. कपाटातून तिने स्वतः काढून घेतलेला बो तिच्या मांडीवर होता; तेवढाच धुवायचा राहून गेला होता म्हणून वाचला. तोतारामराव नूतनबाईंशेजारी खाली उभे होते. शनिवारी तू चहाला काय घालणार, असं त्यांना विचारायचं होतं. गाडी सुरू झाल्यावर ती खिडकीतून म्हणाली, "आई, पोचले की फोन करते."

तेव्हा हिशेब असा लागतो. कानबाईला घागरा मिळाला, आबांच्या घराला नाव. पुनाकडे खळीला रांग लागली, आणि महाले अजूनही सांगतात की लेसेचा फरक त्यांनीच ओळखला. तोतारामरावांना मान मिळाला, जन्मभर पुरेल इतका. जो शब्द हवा होता तोही मिळाला, एकदा, चारचौघांत, खोट्या साक्षीत, आणि तो त्यांना मारलेली हाक नव्हती. सगळ्यांचं मिळून बिल भरलं ते एकटीने. पावती मागायलाही ती थांबली नाही.